एक दिवस पोराच्या हातात

दहावीच्या उंबरठ्यावरचं पोर सुट्टीत अकराला उठतं आणि ‘बोअर होतंय’ म्हणतं. त्याला शिबिरात ढकलू नका. हातावर हजार-बाराशे रुपये ठेवा आणि सांगा, घरच्यांची एक दिवसाची सहल तू ठरव. फक्त एसटीने.

आमच्याकडे लेकाने पुण्याहून वाई निवडली. स्वारगेटची पहाटेची गाडी, ढोल्या गणपती, घाटावर भेळ, मग रिक्षाने मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर मोठी पोर्तुगीज घंटा आहे. 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकली, तिथली ती लूट, असं सांगतात. हे त्यानेच आम्हाला ऐकवलं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला फुकट, हेही त्यानेच हिशेबात धरलं. आजीचं आधार कार्ड मात्र घरीच राहिलं आणि तिचंही अर्धं तिकीट काढावं लागलं. भेळेतली शेव कमी झाली, एवढंच!

एकच पथ्य: मध्ये बोलायचं नाही. गाडी चुकली तरी. (हे फार जड जातं.) उन्हाचं तेवढं बघा, बारा ते चार सावलीत काढायचे आणि पाण्याच्या बाटल्या सगळ्यांनी आपापल्या उचलायच्या.