पावसाळी भटकंतीनंतर चेन आवळताना

हरसूल किंवा इगतपुरीकडच्या कच्च्या रस्त्यांवरून पावसात फिरून आलात की बाइकची चेन त्याच दिवशी धुवा. चिखल वाळला की त्यातली रेती चेन आणि स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) दोन्ही खाते. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये रबराच्या रिंगा असलेली चेन असेल तर रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, रबराच्या रिंगा जातात. कोरडी पुसून चेनच्या आतल्या बाजूला ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. चाक हातानेच फिरवायचं, इंजिन बंद ठेवून! चालू गिअरमध्ये चेन पुसताना बोटं जातात.

आता खरा मुद्दा. ड्युअल-स्पोर्ट (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या) गाडीचं मागचं सस्पेन्शन लांब दबतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट, म्हणजे तो जिथे वर-खाली फिरतो तो सांधा, आणि मागचा ॲक्सल (चाकाचा आस) एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणली जाते. म्हणून रिकाम्या गाडीला शहरातल्या बाइकइतकी घट्ट चेन ठेवू नका. खड्ड्यात तो ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर येतो. सैलपणाचं माप मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं, तेच पाळा. चाक फिरवत तीन-चार जागी मोजा आणि जिथे चेन सर्वात घट्ट लागेल तिथलं माप धरा.

स्विंगआर्मवरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून ॲक्सल नट आवळा, शक्यतो टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने), आणि मग सैलपणा पुन्हा एकदा बघा. नट आवळताना तो हमखास बदलतो. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकलेले दिसले तर नुसती चेन बदलू नका, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटचा पूर्ण सेट घ्या.