बंद पडून राहिलेल्या कार्बोरेटरच्या गाडीला लगेच सेल्फ मारू नका

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी चालू करायची म्हटलं की बहुतेक जण चार्ज केलेली बॅटरी जोडतात, चोक ओढतात आणि चावी फिरवतात. कधीकधी इंजिन सुरूही होतं. पण तेवढ्या वेळात सिलिंडर खरवडले गेले तर ते बाहेरून दिसत नाही. सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल केव्हाच ओघळून गेलेलं असतं आणि पिस्टनच्या रिंगा कोरड्या, क्वचित गंजलेल्या पृष्ठभागावर घासतात.

म्हणून आधी सगळे स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. पूर्ण दोन फेरे सहज झाले तर उत्तम. मध्येच अडलं तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. रिंग चिकटली असेल किंवा एखादा व्हॉल्व्ह अडकला असेल. झटका दिलात तर तुटेल. पुन्हा ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा.

हाताने फिरलं की जुनं ऑइल आणि फिल्टर बदला. प्लग बाहेरच ठेवा, इग्निशन कॉइलचा पुरवठा काढा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडा थोडा सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको, स्टार्टर तापतो. भोकांतून ऑइल उडतं, तेव्हा वर फडकं टाका.

दुसरी मोठी चूक पेट्रोलची. ‘जुन्यात नवं ओतलं की चालतं’ हा समज सोडा. जुन्या पेट्रोलला आंबूस, व्हार्निशसारखा वास येतो. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतली ओलही ओढून घेतं. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, रबरी नळ्या वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर सगळ्याच बदला.

आता कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. त्यातलं पेट्रोल साठणारं फ्लोट चेंबर उघडलं की तळाशी तपकिरी चिकट थर दिसेल. पेट्रोल उडून गेल्यावर उरलेला हाच डिंक जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी भोकात, बसतो. जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका. पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई चिकटून उघडी राहिली, तर पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनावर सांडतं.

गाडी सुरू होत नाही म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतत सेल्फ मारणं तर अजिबात नको. बॅकफायर झाला की ज्वाला सरळ वर येते, आणि बाटली तुमच्या हातात असते. चोक पूर्ण ओढून ॲक्सिलरेटर दोनदा दाबणं पुरतं. त्यानंतरही पुन्हापुन्हा पंप केलंत तर प्लग ओले होतात; तसं झालं तर चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. ठिणगीच नसेल तर डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) बारीक पॉलिशपेपरने साफ करा.

एअर फिल्टर आणि सायलेन्सरमध्ये उंदरांचं घरटं नाही ना, तेही बघा. गाडी उघड्यावर काढूनच सुरू करा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. सुरू झाल्यावर रेस देऊ नका, ऑइलच्या दिव्यावर नजर ठेवा आणि कुणाला तरी वाकून गळती बघायला सांगा. ब्रेक तपासल्याशिवाय गिअर टाकू नका.