घरात लोळणाऱ्या पोरांना व्यायामाला लावताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की देवगडकडच्या आमच्या गावात पालक माझी पायरी चढतात. ‘सर, पोरगा दिवसभर मोबाईल घेऊन पडलेला असतो, जरा त्याच्याकडून काहीतरी करून घ्या.’ शाळेत पीटी शिकवून मी कधीच निवृत्त झालो, पण ‘सर’ काही सुटलं नाही. मैदानात चिखल, घरापुढच्या खळ्यात शेवाळ, वरच्या कातळाच्या सड्यावर धुकं, त्यामुळे व्यायाम करायचा तो घरातच, ओटीवर नाहीतर पडवीत. आणि तिथे दरवर्षी त्याच त्या चुका.

व्यायामाची शिक्षा करणं

ही चूक मीही वर्षानुवर्षं केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

शेजारच्या वाडीतल्या एका आजींनी नववीतल्या नातवाला माझ्याकडे आणलं. अंगाने स्थूल, मान खाली, बोलणं नाही. म्हटलं सोप्यापासून सुरू करू, ‘दहा बैठका मार बघू.’ पोराने चप्पल काढली, पाय जुळवले आणि हात उलटसुलट करून दोन्ही कान धरले. मी काही बोललो नव्हतो, आजीही नाहीत. गृहपाठ राहिला की शाळेत उठाबशा, मार्क कमी पडले की घरात उठाबशा. खाली बसून वर उठायचं ते कान धरूनच, इतकंच त्या पोराला ठाऊक. मी स्वतः उशिरा आलेल्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो आणि वर ‘पळणं तब्येतीला चांगलं’ असं सुनवायचो. धावण्याचा कंटाळा असलेली किती पोरं मी तयार केली असतील, देव जाणे.

त्या मुलासमोर पुढे महिनाभर ‘बैठक’ हा शब्द मी काढला नाही. आजींच्या पडवीत सोललेल्या नारळांचा ढीग होता. त्याला सांगितलं, कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात बसून एकेक नारळ उचलायचा आणि वरच्या फळीवर ठेवायचा. पहिल्या दिवशी पंधरा. दुसऱ्या दिवशी तेच नारळ खाली. आजी वैतागल्या, ‘सर, नारळ कित्याक वर-खाली करतास?’ पण पोरगा हसला, आणि दोन आठवड्यांत आकडा चाळीसवर गेला. कान धरले नाहीत.

आणखी एक, हे मात्र थट्टेवारी नेऊ नका. सवय नसलेल्या पोराकडून शंभर-दोनशे उठाबशा काढून घेतल्या तर स्नायू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मांड्या सुजल्या, दुखणं सहन होईना आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पहिल्याच दिवशी मारुती व्हायचं

घाई पोरांपेक्षा बापांना जास्त. एका गृहस्थांनी रथसप्तमीला कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि मुलाकडून थेट १०८ सूर्यनमस्कार घालून घ्यायचं ठरवलं. पन्नासाच्या पुढे पोरगं आडवं झालं. दुसऱ्या दिवशी त्याला माळ्याचा जिना चढवेना, तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. सवय नसलेल्या कामाने अंग ठणकतं ते बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच जास्त, हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं. आजी ओरडली, ‘नातवाक माझ्या मारतास की काय?’ व्यायाम बंद. पुढे दोन वर्षं त्या घरात सूर्यनमस्काराचं नाव निघालं नाही.

माझी सवय अशी, सुरुवात चार नमस्कारांनी. बाराही स्थिती सावकाश, श्वास सांभाळून. दर शनिवारी, मारुतीला तेल घालायच्या दिवशी, एक वाढवायचा. जूनच्या मध्याला सुरू केलेला पोरगा गणपतीपर्यंत पंधराच्या आसपास येतो. कोणी म्हणेल फार हळू आहे. मग असू दे की. ‘एकवीस दिवसांत फरक दिसेल ना, सर?’ असं विचारणाऱ्याला मी एकच विचारतो, तुमची हापूसची कलमं किती वर्षांनी धरली?

साठ मिनिटांचा धसका

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्याचे किमान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम. आकडा ऐकला की पालक पहाटे पाचचा गजर लावतात. साठ मिनिटं सलग पाहिजेत असं कोणी म्हटलं? विहिरीचं पाणी काढणं, दुकानापर्यंत चालत जाणं, आरतीआधीच्या फुगड्या, रत्नागिरीकडे जाखडीची तालीम, सगळं यातच धरायचं. जाखडी नाचून बघा एकदा, मग व्यायाम म्हणजे काय ते कळेल.

पहाटेचा गजर तर बंदच करा. वयात येताना झोपेची वेळच पुढे सरकते, तो आळस नव्हे. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. मी पोरांना सांगतो, आंघोळीचं पाणी बंबात तापेपर्यंत करा. दहा-बारा मिनिटं होतात, घड्याळ लागत नाही, आणि घाम आला की न्हाणीघर तिथेच. संध्याकाळी दिवेलागणीआधी पुन्हा तेवढंच. एवढ्याने साठ भरत नाहीत, मलाही कळतं. पण शून्यावर असलेल्या पोराला आधी वीसवर तर येऊ द्या.

पुढची चूक, व्यायामाचं सामान विकत आणणं. इथला खारा वारा तुमच्या ग्रिलला सोडत नाही, तो डंबेल्सना सोडेल? जुलैत गंज, ऑगस्टमध्ये चटईला बुरशी. वाळू भरलेल्या दोन बाटल्या पुरतात. प्रोटीनचा डबाही नको. कुळथाची पिठी, अंडं, बांगडा घरात आहेच.

शरीरावरून बोलणं. ‘भोपळ्या’, ‘काडी पैलवान’ ही लाडाची नावं नव्हेत. मुंबईच्या चुलतभावाशी तुलना तर अजिबात नको.

मुलींना विसरणं. २०१६ च्या जागतिक आकड्यांत ११ ते १७ वयाचे ७८ टक्के मुलगे पुरेशी हालचाल करत नव्हते, मुलींत ते प्रमाण ८५ टक्के होतं. आमच्याकडे कारण सरळ आहे. भाऊ ओटीवर दंड मारतो आणि बहीण भाकऱ्या थापते. शिवाय ओटीवर येणारा-जाणारा बघत असतो, तिला तिथे उड्या मारायला सांगून ती मारणार नाही. माजघराचं दार लावून घ्या आणि ती वेळ तिची ठेवा, त्या वेळेत कोणी ‘अगो, जरा पाणी आण’ म्हणायचं नाही. पाळीच्या दिवसांतही तिला बरं वाटत असेल तर करू दे.

मोबाईल हिसकावून घेतल्याने कोणी दंड मारायला लागत नाही, फक्त तोंड फुगतं.

उड्यांचे व्यायाम पावसाळ्यात लादीवर नकोत. दमट हवेत लादीला पाणी सुटतं आणि वर सतरंजी घातली तर ती पोरासकट सरकते. मी खाली गोणपाट घालतो, पाय अनवाणी.

वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीखालचा हाडाचा उंचवटा दुखायला लागला तर उड्या आणि खोल बैठका कमी करायच्या, ‘सोस जरा’ म्हणायचं नाही. दम्याचं पोर असेल, किंवा व्यायाम करताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर आधी डॉक्टर, मग मी.

आणि जुन्या घरात वाशाला लटकण्याआधी तो वासा ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर आत वाळवी आहे. एकदा माझ्याच पडवीत वासा, दोन कौलं आणि सातवीतला एक मुलगा एकदम खाली आले. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. कौलांचे पैसे त्याच्या वडिलांनी देऊ केले होते, मी घेतले नाहीत.