त्वचेसाठी पाणी: किती प्यावे आणि त्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका असोत की हिंजवडीतली वातानुकूलित कार्यालये, मार्च उजाडला की प्रत्येकाच्या टेबलावर लिटरभराची बाटली दिसू लागते, आणि ती रिकामी केल्याने चेहरा उजळतो, असेही कोणीतरी हमखास सांगते. या सल्ल्यात तथ्य आहे, पण फार थोडे.

प्यायलेले पाणी आतड्यांतून रक्तात जाते, रक्ताबरोबर सर्व शरीरात पोहोचते आणि गरजेपेक्षा अधिक असलेले पाणी मूत्रपिंडे काही तासांतच बाहेर टाकतात. ते चेहऱ्याकडे वळवण्याची सोय शरीरात नाही. हाताला जाणवणारी त्वचा म्हणजे मृत पेशींचा अतिशय पातळ थर असतो, आणि तो मऊ राहतो तो पेशींमध्ये धरून ठेवलेल्या ओलाव्यामुळे व त्यांच्यामधल्या स्निग्ध द्रव्यांमुळे. हा ओलावा साधारण १० टक्क्यांच्या खाली गेला की त्वचा खरखरीत होते आणि नखाने ओरखडल्यास पांढरी रेघ उमटते. मुळात फार कमी पाणी पिणाऱ्यांनी प्रमाण वाढवले तर त्वचेचा ओलावा किंचित वाढतो, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पुरेसे पाणी पिणाऱ्यांनी आणखी पिण्याने सुरकुत्या, डाग किंवा मुरुमे कमी होतात, याला मात्र भक्कम आधार नाही. मुरुमांचा संबंध प्रामुख्याने संप्रेरके आणि तैलग्रंथींशी आहे. पाण्याने शरीरातील ‘विषद्रव्ये धुऊन निघतात’ हे तर जाहिरातीचे वाक्य झाले.

आता प्रमाणाचा प्रश्न. दिवसाला आठ ग्लास या नियमाचे मूळ बहुधा अमेरिकेत १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक शिफारशीत आहे. तिच्यात अडीच लिटरचा आकडा होता, पण त्यातील बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, हे तिथेच लिहिलेले पुढचे वाक्य लोक विसरले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये स्त्रियांसाठी २ लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर असे प्रमाण दिले, तेही अन्न व सर्व पेये धरून. आपल्या जेवणातले वरण, रसभाजी, ताक, काकडीची कोशिंबीर हे सर्व त्या हिशेबात येते. चहासुद्धा येतो, कारण नेहमी चहा पिणाऱ्याच्या शरीरातून तो जितके पाणी घालवतो त्यापेक्षा अधिक देतो.

त्यामुळे ग्लास मोजण्याआधी आपल्या घरातील भांडे मोजावे. फुलपात्रात मापाच्या कपाने पाणी ओतून पाहिले तर एका घरात ते दीडशे मिलिलिटर भरते, तर दुसऱ्या घरात अडीचशे. म्हणजे ‘आठ फुलपात्री’ जेमतेम १.२ लिटरही होतात आणि दोन लिटरही. निरोगी प्रौढाने तहान लागली की प्यावे आणि लघवीचा रंग फिकट पिवळा राहतो का, हे पाहावे. गडद पिवळा रंग पाणी कमी पडल्याचे सुचवतो, मात्र ब जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही रंग गडद होतो, हे लक्षात ठेवावे. एप्रिलच्या कोरड्या उन्हात दुचाकीवर फिरणाऱ्याला किंवा पहाटे सिंहगड चढणाऱ्याला अधिक पाणी लागणारच. वयस्कर माणसांची तहानेची जाणीव मंदावते, म्हणून त्यांच्या हाताशी तांब्या-भांडे ठेवून अधूनमधून आठवण करावी. वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या स्त्रिया पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या बाबतीत खरी चिंता त्वचेची नसून मूत्रमार्गाच्या संसर्गाची आणि मुतखड्याची आहे.

अतिरेकही धोक्याचा असतो. मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरते आणि डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण, क्वचित झटके अशी लक्षणे दिसतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम असे घसरलेले आढळले होते, त्यामुळे पुण्यातल्या शर्यतींची तयारी करणाऱ्यांनीही प्रत्येक टप्प्यावर पाणी प्यायलेच पाहिजे असा हट्ट धरू नये. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

त्वचेसाठी काही करायचे असेल तर ते बहुतांशी बाहेरून करावे लागते. डिसेंबरच्या थंडीत गीझरच्या कढत पाण्याने लांबलेली आंघोळ त्वचेतील स्निग्धता काढून नेते, म्हणून पाणी कोमट आणि आंघोळ थोडक्यात ठेवावी. अंग टिपून ते जरा ओलसर असतानाच ग्लिसरिनयुक्त मलम किंवा पेट्रोलियम जेली लावावी, कारण ग्लिसरिन ओलावा धरते आणि जेली त्याला उडू देत नाही. टँकर किंवा बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा थर अंगावर राहतो. तिथे साबण कमी व सौम्य वापरावा. सुरकुत्या आणि डाग यांमागे उन्हाचा वाटा मोठा आहे, त्यामुळे किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन उपयोगी पडते. डोळे तेवढे सोडून सारा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळण्याच्या पुणेरी पद्धतीची थट्टा खूप झाली, परंतु चेहऱ्यासाठी ती बाटलीभर पाण्यापेक्षा निश्चितच अधिक कामाची आहे.

एवढे करूनही कोरडेपणा आणि खाज आठवडेच्या आठवडे टिकली, तर पाणी वाढवत बसू नये. त्याबरोबर तहान अतिशय वाढली असेल तर रक्तातील साखर, आणि थकवा, बद्धकोष्ठता किंवा थंडी सहन न होणे असेल तर थायरॉइड तपासून घ्यावे.