टँकमध्ये फळ घालताय? मग काढायची वेळ आधी ठरवा

माशांना फळं चालतात का असं विचारलं की निम्मे लोक अजिबात नको म्हणतात आणि निम्मे म्हणतात टाका काहीही, खातात. दोन्ही चूक. मासा कुठला ते बघायचं. सिल्व्हर डॉलर, सेव्हरम, गोल्डफिश, मॉली, सकर (काचेला तोंड चिकटवून शेवाळ खरवडणारा मासा) हे आवडीने खातात. पॅकू, म्हणजे आपल्या मासळीबाजारातला रूपचंद, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तिकडे पुराचं पाणी जंगलात शिरलं की तो मुख्यतः झाडांवरून पडलेली फळं आणि बिया खातो. फायटर मात्र मांसाहारी आहे, त्याच्या वाटेला फळ घेऊन जाऊच नका.

कलिंगड, खरबूज, पेर, सफरचंद, पपई, सोललेलं द्राक्ष चालतं. लिंबू, संत्रं, मोसंबी, अननस नको, पाकातलं डब्यातलं फळ तर नकोच. साल आणि बिया काढा, द्राक्षावर फवारणी भरपूर असते म्हणून आधी नीट धुवा आणि मगच सोला. आठवड्यातून एकदा पुरे, आणि त्या दिवशी सकाळचं खाणं देऊ नका.

आता खरी गोष्ट. फळ घालणं सोपं आहे, काढणं अवघड, आणि हे कोणी धड सांगत नाही. बारीक तुकडे करून टाका असा सल्ला सगळीकडे मिळतो, तो ऐकू नका. बारीक तुकडे खडीत जाऊन बसतात, फिल्टरच्या तोंडाशी अडकतात, आणि मग ते शोधून काढणं केवळ अशक्य. एकच मोठी फोड घ्या, स्टीलच्या काट्याला टोचा आणि काट्यासकट तळाशी ठेवा. मासे कुरतडून खातात, फोड जागची हलत नाही आणि काटा उचलला की सगळं बाहेर. पपई, आंबा, केळं अशी मऊ फळं वीस मिनिटांत बाहेर, सफरचंद-कलिंगड फार तर दोन तास. मोबाईलवर अलार्म लावा, लक्षात राहील म्हणू नका.

मी म्हटलं होतं. मे महिना, रात्री पपईची फोड घातली आणि पाहुणे आले म्हणून राहूनच गेली. सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट आणि सगळे मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते. दोन सिल्व्हर डॉलर गेले, चार वर्षं सांभाळलेले. गोड रस पाण्यात उतरला की त्यावर बॅक्टेरिया भराभर वाढतात आणि ऑक्सिजन ओढून घेतात, त्यात उन्हाळ्यात मुळात ऑक्सिजनच कमी, २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो तर ३० डिग्रीला ७.५, आणि रात्री दिवा बंद असला की टँकमधली झाडंसुद्धा ऑक्सिजन घेतच असतात. म्हणून रात्रभर फळ ठेवायचं नाही म्हणजे नाही.

तरी पाणी पांढरं झालंच तर उरलेलं फळ काढा, एअर पंप फुल ठेवा, अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घातलेल्या आणि टँकच्याच तापमानाच्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद. घाबरून सगळं पाणी बदलू नका आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, त्यातले माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरिया क्लोरीनने मरतात आणि मग अमोनिया वाढायला लागतो.

पहिल्या दोन-तीन वेळा मासे ढुंकूनही बघत नाहीत, तेव्हाही वेळ झाली की काढाच.

सकर रात्री खातो म्हणून लोक रात्रभर फळ ठेवायला बघतात. त्याला रात्री काकडीची चकती द्या. कलिंगड द्यायचंच असेल तर लाल गर खाऊन उरलेली पांढरी खाप संध्याकाळी लवकर दिवा बंद करून ठेवा. तो त्यावर तोंड चिकटवून असा खरवडतो की दोन तासांत खापेवर बारीक रेघा दिसायला लागतात. रेघा दिसल्या, खाल्लं त्याने, काढून टाका.