‘कमांड नॉट फाउंड’ आलं की आधी सुडो लावू नका

आमच्या लॅबमध्ये नवी मुलं लिनक्सवर बसली की हा मेसेज येतोच, आणि लगेच आधी ‘सुडो’ (कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणारा शब्द) जोडून तीच कमांड पुन्हा मारली जाते. अडचण परवानगीची असती, तर ‘परमिशन डिनाइड’ आलं असतं. इथे शेल (तुमच्या कमांडी वाचून चालवणारा प्रोग्रॅम) एवढंच म्हणतोय की या नावाची फाइल त्याच्या यादीतल्या फोल्डरांत नाही. त्या यादीला पाथ म्हणतात. ‘एको’, एक जागा सोडून डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून कॅपिटलमध्ये ‘पाथ’ असं टाइप करा. कोलनने तोडलेली फोल्डरांची रांग दिसेल.

आधी टायपिंग तपासा. लहान-मोठी अक्षरं इथे वेगळी धरतात. विंडोजच्या सवयीने ‘सीडी’ला (फोल्डर बदलायची कमांड) दोन टिंबं चिकटवलीत तरी हाच मेसेज येतो, मध्ये जागा सोडा.

टायपिंग बरोबर असेल, तर प्रोग्रॅम बसवलेलाच नसण्याची शक्यता मोठी. उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) पुष्कळदा स्वतःच पॅकेजचं, म्हणजे प्रोग्रॅम ज्यातून बसवतात त्या गठ्ठ्याचं, नाव सुचवतं, ती ओळ नीट वाचा. पॅकेज आणि कमांड यांची नावं एकच असतील असं मात्र धरू नका. नेटवर्कची माहिती दाखवणारं ‘आयएफकॉन्फिग’ हवं तर ‘नेट-टूल्स’ बसवावं लागतं (खरं तर आता ‘आयपी’ कमांडच शिका). उबंटूवर ‘बॅट’ (फाइल रंगीत दाखवणारा प्रोग्रॅम) बसवलं, तरी चालवताना ‘बॅटकॅट’ लिहावं लागतं. ‘पायथन’ सापडत नसेल तर ‘पायथन३’ करून बघा.

स्वतःची स्क्रिप्ट (कमांडी लिहिलेली फाइल) समोरच्या फोल्डरमध्ये असूनही सापडत नाही, तेव्हा नावाआधी ‘./’ लावा. चालू फोल्डर पाथमध्ये मुद्दामच ठेवत नाहीत. नाहीतर सामायिक फोल्डरात कुणी ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) नावाची घातक फाइल ठेवली, तर तुमच्या हातून तीच चालण्याचा धोका. ही सोय मला फार मोलाची वाटते, म्हणून टिंब पाथमध्ये घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ‘एसबिन’ फोल्डरातल्या, म्हणजे अ‍ॅडमिनच्या कामाच्या, कमांडी साध्या वापरकर्त्याच्या पाथमध्ये नसतात. तिथे सुडो खरंच उपयोगी पडतं. अ‍ॅडमिन होण्यासाठी ‘एसयू’ कमांड वापरत असाल, तर पुढे जागा सोडून डॅश द्या. डेबियन १० पासून, म्हणजे २०१९ पासून, डॅशशिवाय जुनाच, साध्या वापरकर्त्याचा, पाथ राहतो.

आणि अचानक ‘एलएस’सुद्धा सापडेनासं झालं, तर बहुधा ‘.बॅशआरसी’मध्ये (शेल सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) पाथ पुसला गेलाय. घाबरू नका, काही डिलीट झालेलं नाही. नॅनो या एडिटरचा ‘/यूएसआर/बिन/नॅनो’ असा पूर्ण पत्ता आणि जागा सोडून ‘~/.बॅशआरसी’ इंग्रजी अक्षरांत लिहून ती फाइल उघडा, पाथच्या ओळीत बरोबरच्या चिन्हानंतर लगेच डॉलर-पाथ आणि कोलन घाला, सेव्ह करा. मग नवी टर्मिनल उघडा. तरीही अडलं, तर लॉगआउट करून परत या.