स्थलांतर रोखण्यासाठी ग्रामपंचायतीने शासकीय योजना कशा वापराव्यात: खान्देशापुरते मार्गदर्शन

नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 13 लाख होती आणि 2011 च्या जनगणनेत ती साडेसोळा लाखांच्या जवळ पोहोचली, त्यामुळे जिल्ह्याच्या आकड्यांत गावांची गळती दिसत नाही. प्रत्यक्षात दिवाळीनंतर धुळे जिल्ह्यातील साक्री आणि नंदुरबारमधील नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांतील पुष्कळ जोडपी ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, आणि जळगाव-धुळ्याच्या जिरायती गावांतील तरुण सुरत, नाशिक, पुणे येथे कायमचे स्थिरावतात. शासकीय कागद आर्थिक वर्षाप्रमाणे चालतो, तर माणसे हंगामाप्रमाणे गाव सोडतात. या दोन वेळापत्रकांचा मेळ घालणे हे ग्रामपंचायतीचे पहिले काम आहे.

सुरुवात नोंदीपासून करावी. सातपुड्यातील पाड्यांवर होळीला आणि मैदानी गावांत आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बाहेरगावी गेलेली माणसे परततात, म्हणून घरोघरची पाहणी त्याच दिवसांत करावी. कोण गेले, कुठे गेले, किती महिन्यांसाठी गेले, मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतली होती का, मुले सोबत नेली का, आणि गावात कोणते काम मिळाले असते तर ते कुटुंब थांबले असते, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. हंगामी आणि कायमचे स्थलांतर वेगळे नोंदवावे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत सारा प्रश्न उचलीचा आहे. पावसाळ्याच्या अखेरीस घरात पैसा नसतो, तेव्हा मुकादम रक्कम हातात ठेवतो आणि कुटुंब पुढच्या हंगामासाठी बांधले जाते. एकदा उचल घेतल्यावर गावात काम काढून उपयोग होत नाही. महाराष्ट्राने 1977 च्या कायद्याने रोजगाराची हमी दिली आणि 2005 मध्ये केंद्राने तसाच कायदा केला, परंतु काम मागितल्याशिवाय या हमीला अर्थ येत नाही. म्हणून 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत कामांची यादी ठरावासह मंजूर करावी, मागणी अर्ज सामूहिकरीत्या लेखी द्यावेत आणि प्रत्येक अर्जाची तारखेसह पोच घ्यावी. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क याच पोचेवर उभा राहतो. मजुरी उशिरा मिळाली तर लोक पुन्हा मुकादमाकडे वळतात, म्हणून हजेरीपट वेळेवर पंचायत समितीत पोहोचतो का, याकडे सरपंचांनी स्वतः लक्ष द्यावे.

कामे निवडताना पाण्याला अग्रक्रम द्यावा. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले गेले आणि विहिरींची पातळी वाढली. रब्बीचे दुसरे पीक हाती आले की शेतकऱ्याला आणि शेतमजुराला हिवाळ्यात गाव सोडण्याची निकड कमी होते. मात्र गावाच्या खडकाचा प्रकार तपासल्याशिवाय शिरपूरची नक्कल करू नये.

वनालगतच्या गावांकडे आणखी एक साधन आहे आणि त्याचा वापर फार कमी होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. सामूहिक दाव्यासाठी वनहक्क समितीने गावाची पारंपरिक हद्द शेजारच्या गावांसह फिरून निश्चित करावी, वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत आणि ग्रामसभेच्या ठरावासह दावा उपविभागीय समितीकडे पाठवावा. साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने जंगल राखले, पाणी अडवले आणि कामासाठी होणारे स्थलांतर थांबवले; पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

जी कुटुंबे तरीही जातील, त्यांची मुले गावातच राहावीत यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीच्या सुट्टीआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. मुले गेली की पट घटतो आणि कमी पटाच्या शाळेचे भवितव्य धोक्यात येते, आणि शाळा बंद झालेल्या गावात तरुण कुटुंब परत येणे कठीण असते.

कायमचे गेलेले तरुण रोजंदारीच्या कामासाठी परतणार नाहीत. त्यांच्यासाठी केळीचे वेफर्स, मिरची पूड, तूरडाळ अशा प्रक्रिया उद्योगांचा विचार करावा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान ठरवलेले आहे. अर्जापूर्वी सध्याचे निकष तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पाहून घ्यावेत. बँकेत प्रकरण बहुधा जागेच्या कागदांवर अडते, म्हणून जागेचा उतारा किंवा भाडेकरार, वीजजोडणीचे कागद आणि यंत्रांची दरपत्रके आधी जमवावीत, आणि ग्रामपंचायतीने आपल्या अखत्यारीतील दाखले त्या तरुणाला हेलपाटे न घालायला लावता द्यावेत.